आम्ही म्हणजे कोण कोण

त्या सकाळी सारांश आला नाही. मेल उघडली की ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एक चांदणी लुकलुकते, ती दाबली की उजवीकडे पट्टी उघडते, आणि हिने दीड पानभर जे काही लिहिलेलं असतं ते तिथलं एआय मला तीन ओळींत सांगून मोकळं होतं, असा गेल्या अडीच महिन्यांचा शिरस्ता होता. त्या दिवशी चांदणी नुसतीच फिरत राहिली. मी चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या वाट पाहिली, मग खुर्ची ओढून बसलो, तरी ती फिरतेच आहे. लॅबला निघायला वीस मिनिटं होती. नाइलाजाने पत्रच वाचायला घेतलं आणि पाचव्या ओळीत अडखळलो. ‘आम्ही हे घर घेतलं तेव्हा खिडकीखाली नुसती माती होती,’ असं हिने लिहिलं होतं. मला लिहिलं होतं. घर घेतलं तेव्हा मी होतो की तिथे. कुलूप गंजलेलं होतं, मी घामाघूम होऊन किल्ली पिळत होतो आणि ही मागून म्हणत होती, उलटी लावलीय का बघा. उलटीच लावलेली होती. मी ओळ पुन्हा वाचली, पुढेही वाचत गेलो. ‘आम्ही त्या वर्षी पाण्यात अडकलो होतो.’ ‘आम्ही पोरीला शाळेत घातलं तेव्हा.’ पानभरात चार वेळा ‘आम्ही’ होतं आणि चारही वेळा मी तिच्या शेजारी उभा होतो. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणारा सोडून बाकीचे, ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, बोबडं बोलणारं पोरसुद्धा त्यात चुकत नाही. चहा तसाच ठेवून मी निघालो.

ही म्हणजे माझी बायको. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेली, त्याला आता आठवा महिना लागला. लेकीचं गाव बसने पाच तासांवर आहे. फोनवर बोललं असतं, पण मला कमी ऐकू येतं. एकतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये घासायच्या यंत्रापाशी कान देऊन बसल्यावर दुसरं काय होणार. बारीक आवाज आधी गेले, मग बायकांचे आणि मुलांचे. ही फोनवर बोलते तेव्हा शब्दांच्या नुसत्या कडा माझ्यापर्यंत पोचतात, मी अंदाजाने हो-हो म्हणतो आणि ती लगेच ओळखते. एकदा ती म्हणाली, बाळाला ताप आहे. मी म्हणालो, छान झालं. तेव्हापासून आम्ही दोघं लिहायला लागलो. (तुम्हाला सांगताना ‘आम्ही’ म्हटलं ते बरोबर आहे, तुम्ही त्यात नाही.) लेकीने दोन्हीकडे व्यवस्था लावून दिली. म्हणाली, बाबा, ब्राउझरमध्येच सगळं असतं आता, वेगळं काही घ्यायला नको. आईला लिहायला मदत करणारं बटण, कारण हिचं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद. मला सारांशाची चांदणी, आणि खाली तयार उत्तरांचे तीन ठोकळे. त्यातला एक दाबला की त्याचं छान लांब पत्र आपोआप तयार. सुरुवातीला मी ते फक्त घाई असली की वापरायचो. मग घाई रोजचीच होत गेली. हिची पत्रं वाचायचा मला कंटाळा होता असं मुळीच नाही. पण तीन ओळींत कळतंय तर दीड पान कशाला, असं कुणालाही वाटेल, आणि मी काही जगावेगळा नाही.

लॅबमध्ये सकाळी पहिलंच काम एका कॅपचं होतं, खालच्या दाढेचं. साच्यावर चांगली बसली होती. आम्ही वरच्या-खालच्या साच्यांच्या मध्ये निळा कागद धरतो आणि साचे एकमेकांवर दाबतो. दात जिथे जास्त उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. ठिपका दिसतो जेमतेम मोहरीएवढा, पण तेवढा राहू दिला तर माणसाला दिवसभर तोंडात दुसरं काही सुचत नाही, जीभ सारखी तिथेच जाते. माझी जीभ ‘आम्ही’वर जात होती. मी यंत्र सुरू केलं आणि त्या घरघरीत स्वतःशी वाद घालत बसलो. ही असं लिहिणार नाही. म्हणजे लिहूच शकणार नाही, कारण त्या शब्दावरून आमच्यात एकदा काय झालं होतं ते दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला नक्की ठाऊक आहे. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तेव्हा दादाबरोबर एकत्र राहायचो, आणि जागा बदलायचं दादाने आणि मी परस्पर ठरवून टाकलं होतं. घरी कुणी पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर मी म्हणून गेलो की आम्ही पुढच्या महिन्यात जागा बदलतोय. ही तेव्हा पाहुण्यांना चहा देत होती. संध्याकाळी आम्ही चादरीची घडी घालत होतो, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, आणि मधेच थांबून तिने विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण? मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, मी, दादा, वहिनी. आणि मी कुठे राहणार, तिने विचारलं. रागावून नाही हो, अगदी साधं, पत्ता विचारावा तसं. मी हसलो. चादर हातात धरून हसतच राहिलो, आणि ती हसलीच नव्हती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर या घरात ‘आम्ही’ बंद झालं. तिने कधी नियम केला नाही, पण मी कुणाच्या देखत ‘आम्ही’ म्हणालो की ती माझ्याकडे बघायची, आणि दोघंच असलो की हळूच दुरुस्ती करायची, आपण. पुढे पुढे तर तिचं ‘आपण’ इतकं सढळ झालं की माझ्या चुकासुद्धा त्यात मावायला लागल्या. मी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं तर ती म्हणायची, आपण परत किल्ली विसरलो वाटतं. मी गॅसवर दूध उतू घालवलं तर, आपण दूध घालवलं. तिच्या आईच्या आजारपणात मी एकदाही दवाखान्यात गेलो नाही, कामाचं निमित्त सांगत राहिलो, आणि सगळं संपल्यावर ती म्हणाली, आपण जायला हवं होतं. ती रोज जात होती. तेव्हा मला त्या शब्दाची नुसती लाज वाटली नव्हती, बरंही वाटलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. अशा बाईने चार वेळा ‘आम्ही’ लिहावं? यंत्राने केलं असणार. तिने ‘आपण’च लिहिलं असेल आणि त्या मदतीच्या बटणाने त्याचं ‘आम्ही’ करून टाकलं असेल. त्या बिचाऱ्या एआयला काय कळणार कोण आत आणि कोण बाहेर. हा विचार सुचला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी यंत्र बंद करून उठलोच.

डॉक्टरांच्या ऑर्डरी जिथे येतात तो कॉम्प्युटर मधल्या टेबलावर असतो. मी ब्राउझर उघडला, कोऱ्या चौकटीत लिहिलं, ‘आपण हे घर घेतलं,’ आणि ‘सुधारून लिहा’ दाबलं. उत्तर आलं, ‘आम्ही हे घर खरेदी केले.’ मी टेबलावर हात आपटला. पण एकदा आलं म्हणजे काही खरं नाही, खात्री केलेली बरी, म्हणून परत दाबलं. आता आलं, ‘आपण हे घर खरेदी केले आहे,’ सरकारी नोटीस असावी तसं, जणू मला कुणी कळवतंय की महाशय, घर आपण घेतलेलं आहे. तिसऱ्यांदा आलं, ‘हे घर घेतले गेले.’ कुणीच नाही, घर आपलं आपण घेतलं गेलं. मी दाबत राहिलो. अकरा वेळा दाबलं आणि पाटीवर रेघा मारून हिशेब ठेवला, पाच वेळा आम्ही, चार वेळा आपण, दोनदा बेवारस. आमच्याकडे पॉलिश करणारी बाई आहे, तिला सगळे पॉलिशच म्हणतात, ती मागे येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, कुणाचं घर घेताय? मी तिला थोडक्यात सांगितलं, म्हणजे कुणी कुणाला लिहिलं ते गाळून सांगितलं. ती म्हणाली, आम्ही काय नि आपण काय, माझा नवरा तर सगळ्यालाच ‘मी’ म्हणतो, मी मुलं वाढवली, मी घर उभं केलं, ऐकणाऱ्याला वाटावं मी तिथे भाड्याने राहत होते. मग हात पुसत म्हणाली, पण तुम्ही अकरा वेळा मशीनला विचारण्यापेक्षा एकदा त्या माणसालाच का विचारत नाही? मी म्हणालो, मला फोनवर ऐकू येत नाही. ती म्हणाली, हे बरंय तुमचं.

हिला विचारायची हिंमत झाली नाही. विचारायचं तरी काय, की बाई, तू मला बाहेर काढलंस का? तोंडाने विचारलं की उत्तर येतं, आणि ते आलं की परत पाठवता येत नाही. आठ महिने मी तिला परत कधी येतेस हेही नीट विचारलं नव्हतं, ते याच भीतीने, हे मला त्या दुपारी साच्यांच्या फळीपुढे उभं असताना पहिल्यांदा कळलं. म्हणून लेकीला मेसेज केला. आई पत्र लिहिताना ते मदतीचं बटण वापरते ना? सहज विचारतोय. उत्तर यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मी ती कॅप घासायला घेतली आणि ठिपका घालवता घालवता इतकी घासली की ती खाली गेली, दोन दातांच्या मध्ये कागद सरळ सुटून येऊ लागला. उंच असलेलं घासता येतं, घासून गेलेलं चढवता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार होती. ती बाजूला ठेवतोय तर लेकीचा मेसेज आला. ‘नाही बाबा. अगदी पहिल्यांदा एकदा वापरलं होतं. म्हणाली, मला माझंच पत्र ओळखू येईना. तेव्हापासून आई सगळं स्वतः टाइप करते, एका बोटाने, बाळ झोपलं की. का?’ मी लिहिलं, काही नाही. आणि मग आठवलं की सकाळच्या पत्रात ‘आणि’मधला णि मोठा होता, ‘मी’ ऱ्हस्व होता, नेहमीसारखाच. मी ते पाहिलं होतं. पाहूनही यंत्रावर ढकललं होतं.

घरी आलो तेव्हा उजेड होता. कपडे न बदलता कॉम्प्युटरपुढे बसलो. आता एकच काम उरलं होतं, हे ‘आम्ही’ कोणत्या दिवशी सुरू झालं ते शोधायचं. त्यासाठी जुनी पत्रं वाचावी लागणार होती, आणि सारांशात तर ना आम्ही असतं ना आपण, तिथे फक्त ‘प्रेषक’ असतात. प्रेषक बऱ्या आहेत. प्रेषक हवामानाबद्दल लिहितात. मी चांदणीला हात न लावता पहिल्यापासून एकेक पत्र उघडत गेलो. ही इतकं लिहिते हे मला माहीत नव्हतं. बाळाला आंघोळ घालताना जावई घाबरून बाहेर जातो. समोरच्या गच्चीवर एक म्हातारा रोज एकच शर्ट वाळत घालतो. तुमच्या घोरण्याशिवाय झोप लागणार नाही असं वाटलं होतं, पण लागते, आणी त्याचं मला वाईट वाटतं. सगळीकडे आपण, आपलं, आपल्याला. मग खाली माझी उत्तरं. ‘आपले पत्र मिळाले. वाचून अत्यंत आनंद झाला. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी.’ हे मी पाठवलेलं होतं, माझं नाव खाली होतं. ओळीने तीन पत्रं तशीच. पुढच्या पत्रात हिने लिहिलं होतं, ‘तुम्ही हल्ली मला आपण म्हणायला लागलात. मि आधी खूप हसले. मग विचार केला की ह्या आपणमध्ये तर तुम्ही नाहीच.’ खरंच की. परक्या माणसाला मान देऊन म्हणतात तो ‘आपण’ वेगळा. त्यात फक्त समोरचा असतो, बोलणारा लांब उभा राहून नमस्कार करत असतो. त्या पत्राचा सारांश मी त्या वेळी वाचला होता तो असा होता की प्रेषक विनोदी मनःस्थितीत आहेत.

त्याच्यापुढचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. ‘अहो, हिला दात आला. खालचा. तुम्ही म्हणाला होतात पहिला दात मि बघणार, तोपर्यंत कुणी बोट घालून खराब करू नका. तर रविवारी या. सकाळच्या गाडीने निघालात तर साडेअकराला पोचाल. मि तिला घेऊन स्टँडवर येते, तिला पण गाड्या बघायला आवडतं. येणार असलात तरच हो म्हणा. मग येताना आपण बरोबरच परत येऊ, माझं सामान मि भरून ठेवते.’ मी हे चार वेळा वाचलं. बरोबरच परत येऊ. सामान भरून ठेवते. आठ महिने जे विचारायला मी घाबरत होतो त्याचं उत्तर तिने न विचारता लिहून पाठवलं होतं. तिच्या पत्राच्या शेजारी पट्टीत तेव्हाचा सारांश अजून होता. ‘नातीला पहिला दात आला आहे. रविवारी भेटीचा कार्यक्रम आहे. प्रेषक आनंदात आहेत.’ मला आठवलं, मी ते वाचून समजलो होतो की लेकीच्या सासरचं कुणी रविवारी येणार असेल. खालचे तीन ठोकळे होते, ‘हो, नक्की’, ‘नंतर कळवतो’ आणि ‘अभिनंदन’. त्यातलं मी पहिलं दाबलं होतं, ते सगळ्यात जवळ होतं म्हणून.

तो रविवार मला आठवतो. मी कपाटाचं बिजागर बसवलं, जेवलो, आणि दुपारी झोपलो. उठलो तेव्हा फोनवर हिचे तीन कॉल येऊन गेलेले दिसले. झोपेत मला ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, तेव्हा काही विशेष असतं तर लेकीने मेसेज केला असता, असा विचार करून मी लिहिलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, हो. तेवढंच. त्यानंतरच्या पत्रापासून ‘आम्ही’ होतं. मी घड्याळात बघितलं, आठ वाजायला आले होते. वाटलं, पत्र लिहावं, आणि चौकट उघडली तर मी ‘अगं’ लिहिताच पुढचे शब्द करड्या रंगात स्वतःहून उमटले, ‘तुझे पत्र वाचून खूप’. मी खिडकीच बंद केली आणि फोन लावला. बऱ्या कानाला धरला, आवाज पूर्ण मोठा केला. लेकीने उचलला. बाबा, तुम्ही आणि फोन, असं काहीतरी म्हणाली आणि आईला दिला.

“त्या रविवारी तू स्टँडवर आली होतीस?” मी विचारलं.

“हो.”

“किती वेळ थांबलीस?”

ती काय म्हणाली ते पहिल्यांदा कळलं नाही. मी परत विचारलं. तिने आवाज वाढवला. साडेअकराची आली, त्यात तुम्ही नव्हतात. साडेबाराची आली. मग दीडचीही बघितली. बाळ रडायला लागलं तेव्हा रिक्षा केली.

“मी तुझं पत्र वाचलंच नव्हतं,” मी म्हणालो. “मशीनने जेवढं सांगितलं तेवढंच. ते हो, नक्की पण मी लिहिलेलं नाही, नुसतं दाबलं.” बोलताना माझा मलाच आवाज मोठा वाटत होता. मग मी वाट पाहिली. कशाची ते मला माहीत होतं. किल्ली विसरलो, दूध घालवलं, जायला हवं होतं, तसंच आताही ती म्हणेल, आपण घोळ घातला. मी फोन कानात रुतेल इतका दाबून धरला होता, एक अक्षर सुटायला नको म्हणून.

“तुम्ही वाचलं नाहीत,” ती म्हणाली. रागाने नाही. मला नीट ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

मी म्हणालो, “मी येऊ का? उद्याच्या पहिल्या गाडीने निघतो.”

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, कुणीतरी तिला हाक मारली असावी, कारण ती फोन लांब धरून म्हणाली, आले. आणि मग माझ्याशी, नेहमीच्या बोलण्यातल्यासारखं, “आत्ता आम्ही जेवायला बसतोय.”

त्यात काहीही चूक नव्हती. ती, लेक, जावई तिथे बसत होते आणि मी इथे होतो. दुसरा कुठलाही शब्द तिथे बसला नसता.

“बरं. जेवा तुम्ही,” मी म्हणालो. हिला मी आयुष्यभर तू म्हणत आलो. त्या ‘तुम्ही’त ती पलीकडच्यांबरोबर जाऊन बसली होती, आणि तिला काही खटकलं नाही. हो, म्हणाली, आणि फोन ठेवला.